कंसाच्या वरचा आकडा

“मॅडम, सत्त्याण्णव पॉइंट झिरो दोन आहे. सीओईपी मिळेल का?”

इंजिनीअरिंगच्या सीईटीचा निकाल लागला की माझ्या सोलापूरच्या प्रवेश-मार्गदर्शनाच्या ऑफिसात हा प्रश्न दिवसातून चार-पाचदा तरी येतो. सीओईपी म्हणजे पुण्याचं नावाजलेलं सरकारी इंजिनीअरिंग कॉलेज. पॉइंटच्या पुढचे आकडे तेवढे बदलतात. २०२५ च्या जुलैत तो विचारला बार्शीच्या एका वडिलांनी. एसटीत मेकॅनिक. आषाढीच्या जादा गाड्यांमुळे आधी रजा मिळाली नव्हती, त्यामुळे ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीची यादी भरणं, तोंडावर आल्यावर धावतपळत आलेले. मुलगी शेजारी बसून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

त्यांनी पिशवीतून मागच्या वर्षीच्या कटऑफच्या झेरॉक्स काढल्या. लाल पेनाने गोल केलेले, काही गोल दोनदा गिरवलेले. माणसाने मेहनत घेतली होती. पण त्या कागदावर प्रत्येक चौकटीत दोन आकडे असतात: वर मेरिट नंबर, खाली कंसात पर्सेंटाइल. यांचे सगळे गोल कंसाला होते.

मी म्हटलं, “भाऊ, वरचा आकडा बघा.”

पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या मागे शंभरात किती, एवढंच. ९७ म्हणजे पुढे तीन टक्के. पण तीन टक्के कितीचे? २०२४ ला सीईटीच्या पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुपला तीन लाखांच्या आसपास मुलं बसली होती. तेव्हा पुढे साधारण नऊ हजार. २०२५ ला आकडा चार लाखांवर गेला; आता पुढे बारा हजार. यातली सगळीच कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, फॉर्म भरत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष मेरिट नंबर थोडा बरा येतो, पण रांग लांबली ती लांबलीच. एसटीच्या माणसाला हे समजावायला वेळ लागला नाही. “म्हणजे गाडी चव्वेचाळीस सीटचीच, स्टँडवर गर्दी वाढली,” ते म्हणाले.

हे मी स्वतःही ठेच लागूनच शिकले आहे. काही वर्षांपूर्वी एका मुलाला नुसता पर्सेंटाइल बघून “होऊन जाईल” म्हणून बसले. झालं नाही. त्याच्या आईने पेढ्यांची ऑर्डर देऊन ठेवली होती. तेव्हापासून मेरिट यादी लागल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. मोबाइलवरचे प्रेडिक्टर मात्र पेपर संपल्याच्या संध्याकाळपासून टक्के वाटत सुटतात.

दुसरी गोष्ट, त्यांनी फक्त जी ओबीसीचा रकाना बघितला होता. ओबीसी मुलीचा विचार चार ठिकाणी होतो: जी ओपन, एल ओपन, जी ओबीसी आणि एल ओबीसी. जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींच्या राखीव जागा. सीओईपीच्या रकान्यांना शेवटी एस असतो, म्हणजे राज्यस्तर. मुलगी सोलापूर विद्यापीठाच्या हद्दीतली म्हणून तिथे काही तोटा नाही. चारही रकाने धरून आम्ही वहीत नवीन तक्ता केला. सीओईपी कॉम्प्युटरवर मी सरळ काट मारली. तिथे ओपनला ९९ च्या पुढचे दशांश मोजावे लागतात. सिव्हिल, मेटलर्जी आणि मॅन्युफॅक्चरिंग काठावर होते.

मग मी त्यांची पसंतीची यादी मागितली आणि पोटात गोळा आला. एक नंबरला घराजवळच्या एका कॉलेजचं कॉम्प्युटर.

“हमखास मिळणारं वर ठेवलंय. बाकीचं मिळालं तर बघू.”

“बघता येणारच नाही. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की सीट तिथेच फ्रीझ होते, पुढच्या फेऱ्या बंद. वाटप मेरिटने होतं, तुम्ही कॉलेज कितव्या नंबरला टाकलंय त्याने चान्स वाढत नाही की कमी होत नाही. हमखास मिळणारं आहे म्हणता ना? मग ते खाली असलं तरी मिळेलच.”

त्यातून त्या वर्षी चार फेऱ्या आल्या होत्या, आणि दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी काही मिळालं तरी बांधील. मी मुलीकडे वळले. “तुला काय हवंय?”

“सिव्हिल.” एवढ्या वेळात पहिल्यांदा बोलली. “पण पप्पा म्हणतात, मुलींना साइटवर जमत नाही.”

वडील झेरॉक्सच्या कडा जुळवत राहिले. मी यात पडले नाही. चहा मागवला आणि कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. तिने लिहिलं: एकला सीओईपी सिव्हिल, मग पुण्या-मुंबईच्या आणखी चार सरकारी जागा, सहाला सांगलीचं वालचंद सिव्हिल. पप्पांचं कॉम्प्युटर तेराव्या नंबरला, पण यादीत होतं. त्यांनी दोनदा वाचून कागद घडी घालून खिशात ठेवला.

पहिल्या फेरीत सांगली मिळाली. बेटरमेंट ठेवून, म्हणजे ती सीट धरून वरच्या पसंतीची वाट बघत, पुढे गेलो, दुसरीत तेच. तिसऱ्या फेरीच्या रात्री वडिलांचा फोन आला.

“सांगलीच, मॅडम. सहावा नंबर, म्हणजे आता फ्रीझ. सीओईपी एल ओबीसीत दोनशे नंबरांनी गेलं.”

“पर्सेंटाइल किती होता शेवटचा?” मी मुद्दाम विचारलं.

“ते बघितलंच नाही,” ते म्हणाले. “सांगलीत मुलींच्या होस्टेलचं कसं असतं, ते सांगा.”