हँडलवर एवढी गर्दी, काय कुठे लावू?

प्रश्न: दादा, सायकलला ई-किट (मोटर-बॅटरीचा संच) बसवलंय, पण थ्रॉटल (ॲक्सलरेटर), गिअर, डिस्प्ले, घंटी, मोबाईल होल्डर सगळं हँडलवर मावेना, आणि वळताना वायर ताणते. - एक वाचक, कोथरूड

उत्तर: आधी ब्रेक लिव्हर लावा, बाकी सगळं नंतर. मनगट सरळ ठेवून दोन बोटं पोचली पाहिजेत, चांदणी चौकाच्या उतारावर तेच कामाला येतं. किटसोबतचे कटऑफवाले, म्हणजे ब्रेक दाबताच मोटर बंद करणारे लिव्हरच वापरा, मोटरचं चाक उचलून थ्रॉटल द्या आणि ब्रेक दाबा, मोटर तिथल्या तिथे बंद झालीच पाहिजे, नाही झाली तर रस्त्यावर काढूच नका. ग्रिपची जागा 22.2 मिमी असते, मधला भाग बऱ्याचदा 31.8, म्हणून होल्डर मापानेच घ्या. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, मगच वायर बांधा.