सूडकथा असलेला, कमी खर्चातला ब्रिटिश किशोरवयीन स्लॅशर चित्रपट कोणता पाहावा?

शाळकरी मुलांभोवती फिरणारा, सूडावर आधारलेला आणि बेताच्या खर्चात तयार झालेला एखादा ब्रिटिश स्लॅशर चित्रपट, म्हणजे एकामागून एक हत्या करणाऱ्या मारेकऱ्याचा भयपट, खरोखर पाहण्याजोगा आहे का, असे आपण विचारले आहे. मी जॉन राइट यांनी दिग्दर्शित केलेला, २००९ सालचा 'टॉर्मेंटेड' सुचवीन, आणि त्यातील उणिवा ठाऊक असूनही आग्रहाने सुचवीन.

डॅरन मलेट हा लठ्ठ, दम्याने बेजार असलेला मुलगा वर्गमित्रांच्या छळाला कंटाळून आत्महत्या करतो आणि मृत्यूनंतर परत येऊन छळणाऱ्यांना एकेक करून ठार मारतो. मारेकरी कोण, हे कोडे स्लॅशर चित्रपटात बहुधा शेवटपर्यंत जपले जाते. येथे मात्र मारणारा कोण आणि तो का मारतो आहे हे आपल्याला लवकरच कळते, त्यामुळे या सूडाला आपण मनातून कुठवर संमती देत राहणार, एवढाच प्रश्न उरतो. डॅरनच्या अंत्यविधीत श्रद्धांजलीचे भाषण करते ती शाळेची हेड गर्ल, म्हणजे विद्यार्थिनींची प्रमुख, जस्टिन, जी त्याला जवळजवळ ओळखतही नव्हती. ॲलेक्स पेटीफरने रंगवलेल्या, छळणाऱ्यांचा म्होरक्या असलेल्या ब्रॅडलीचा तिरस्कार करणे सोपे आहे; परंतु हुशार, सुशील आणि सर्वांची लाडकी असलेल्या जस्टिनला डॅरनचे हाल दिसलेच कसे नाहीत, हा सल मला रक्तपातापेक्षा अधिक भेदक वाटतो. टपन्स मिडलटनने ही भूमिका कोठेही भडक न करता केली आहे.

याच कुळातला जुना चित्रपट म्हणजे १९८६ सालचा 'स्लॉटर हाय'. तोही ब्रिटिश, तोही कमी खर्चाचा, आणि त्यातही शाळेत क्रूर थट्टेला बळी पडलेला मार्टी नावाचा मुलगा सूड घेतो. मात्र इंग्लंडमध्ये चित्रित झालेल्या या चित्रपटाने कथा अमेरिकेत घडत असल्याचा आव आणला आणि ब्रिटिश नटांना अमेरिकी धाटणीने बोलायला लावले. तरीही एप्रिल फूलची थट्टा दुपारी बारापर्यंतच चालते, हा अस्सल ब्रिटिश संकेत कथेत शिरलाच. 'टॉर्मेंटेड'ने असले सोंग घेतले नाही. गणवेश, हेड गर्लचा मान, मुलांची बोलण्याची ढब, सारे इंग्रजी शाळेचेच आहे, आणि मोबाइल व संकेतस्थळावरून चालणारा छळही त्याच काळातला आहे. खर्च कमी असताना परिचित परिसराशी इमान राखणे चित्रपटाला किती बळ देते, हे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिल्यास स्पष्ट होते.

माझा आक्षेप एकच आहे, पण तो गंभीर आहे. ज्या शरीरामुळे डॅरनची हेटाळणी झाली, त्याच शरीरावर चित्रपटही अधूनमधून हशा मिळवू पाहतो. कॅल्विन डीनने फारसे न बोलता डॅरनची व्यथा जिवंत ठेवली आहे, म्हणून ती हानी बरीचशी भरून निघते. पुढे गायक म्हणून नावारूपाला आलेल्या ऑली अलेक्झांडरने साकारलेला डॅरनचा मित्र जेसनही लक्षपूर्वक पाहावा.

हत्यांची दृश्ये बीभत्स आहेत आणि कथेचा आरंभच आत्महत्येपासून होतो. म्हणून घरातील शाळकरी मुलांना तो दाखवण्याचा विचार असेल, तर आधी आपण स्वतः पूर्ण पाहून घ्यावा.