सट्टा, साटेलोटे आणि साठेखत

गिरगावातल्या एका वाचकाने विचारले आहे: शेअर बाजारात सट्टा ‘लावतात’ की ‘करतात’? आणि हा जुगाराचा शब्द बाजारात शिरला कसा?

सट्टा करतात. लावतात ती पैज. आणि हा शब्द जुगारातून बाजारात गेलेला नाही, जुगाराने तो बाजारातून पळवला. क्रिकेटवरच्या पैजांना बातम्यांत रोज ‘सट्टा’ म्हणतात, तेव्हा माझे डोके फिरते. सट्टा म्हणजे सौदा. भाव आज ठरवायचा, माल आणि पैसा ठरल्या तारखेला.

‘हिंदी-गुजरातीतून आला’ एवढे सांगून बरेच जण थांबतात. अहो, त्याचा सख्खा भाऊ आपल्या घरातच आहे! प्राकृतात ‘सट्ट’ म्हणजे अदलाबदल. ‘हट्ट’चा जसा हाट झाला, तसे ‘सट्ट’चे साटे. साटेलोटे म्हणजे ज्या घरी मुलगी द्यायची, त्याच घरची मुलगी सून म्हणून आणायची. आज ‘साटेलोटे’ म्हटले की संगनमतच आठवते. दोन्ही भावांची सारखीच बदनामी झाली.

तिसरा भाऊ तुमच्या कपाटात असेल. मुंबईत फ्लॅट घेताना आधी साठेखत होते, खरेदीखत नंतर. गुजरातीत त्यालाच साटाखत म्हणतात. साठेखताचा ‘साठा’शी संबंध जोडणाऱ्यांनी कोणता साठा, हे एकदा दाखवावे. तिथे साठवलेले काहीच नसते, असतो तो पुढच्या तारखेचा करार. म्हणजे सट्टाच!

माझे मत तर असे की ‘साठी’ हे शब्दयोगी अव्ययही याच घरातले. ‘पैशासाठी राबतो’ म्हणजे पैशाच्या बदल्यात. गुजरातीत ‘साटे’ अगदी याच अर्थाने चालते. ‘सार्थ’वरून साठी काढणाऱ्यांना हा शेजार दिसत कसा नाही?

असे मुदतीचे सौदे सतराव्या शतकात ॲमस्टरडॅमलाही होत. हाती नसलेले शेअर विकण्याला डच लोक ‘वाऱ्याचा व्यापार’ म्हणत. १६१० मध्ये त्यावर बंदीही आली. आपल्याकडे टाउन हॉलजवळच्या वडाखाली दलाल जमत. अमेरिकेतल्या यादवीमुळे (१८६१-६५) मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि तो पैसा शेअरांत ओतला गेला. युद्ध संपले, भाव कोसळले. १ जुलै १८६५ ला शेकडो मुदतीच्या सौद्यांची तारीख भरली आणि ते कोणालाच निभावता आले नाहीत. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर ८७ वर आला. त्या दिवशी बुडाले ते सौदे होते, पैजा नव्हेत. दलालांनी पुढे १८७५ मध्ये संघटना बांधली, तोच आजचा मुंबई शेअर बाजार.

शब्द नासला तो कापसाच्या भावांवरून. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे भाव तारेने मुंबईत येत आणि त्यांच्या आकड्यांवर लोक पैसे लावत. कापूस ना कोणी घेत, ना कोणी देत. पुढे ते भावही गेले आणि आकडे मडक्यातल्या चिठ्ठ्यांतून निघू लागले. तोच मटका. सट्टा हे नाव त्यालाही चिकटले.