तुम्ही इटलीतल्या जुन्या, रंगवलेल्या मातीच्या थाळीचा फोटो दाखवून विचारलंत: तिच्यावर आकाशातून पडणारा मुलगा ग्रीक पुराणकथांतला इकारस की फेथॉन, हे कसं ओळखायचं?

आधी घोडे शोधा. चार घोडे उलटेपालटे कोसळतायत, शेजारी रथाचं चाक आहे, म्हणजे फेथॉन. सूर्यदेव बापाचा रथ हट्टाने मागून घेतला आणि आवरता आला नाही, तो. घोडे नाहीत आणि दंडांना पंख बांधलेत, तर इकारस. बाप डीडलसने करून दिलेले मेणाचे पंख लावून सूर्याच्या फार जवळ उडाला आणि मेण वितळून पडला, तो. एकच पंखवाला घोडा दिसला तर त्यावरून पडलेला वीर बेलेरोफॉन.

तुमच्या फोटोत मधली आकृती धूसर आहे, तेव्हा कडेची मंडळी बघा. फेथॉनच्या वर गरुडावर स्वार, हाती वज्र घेतलेला देवांचा राजा ज्युपिटर असतो. खाली घडा कलंडून बसलेला म्हातारा म्हणजे एरिडानस नदी (इटलीत ती पो मानतात), बोटांना पालवी फुटलेल्या बायका म्हणजे शोकाने झाडं झालेल्या फेथॉनच्या बहिणी, आणि हंस म्हणजे त्याच शोकात हंस झालेला किक्नस. मायकेलअँजेलोच्या १५३३ च्या रेखाटनांत हा सगळा गोतावळा आहे. इकारसच्या चित्रात मात्र सहसा बाप डीडलसही उडत असतो. खाली समुद्र, काठावर नांगऱ्या, मेंढपाळ, गळ टाकून बसलेला माणूस. सूर्यामुळे पंख गेले म्हणून आपल्याला संपाती आठवतो, पण त्याने ते भावाला झाकताना गमावले. इकारसने मात्र बापाचं ऐकलं नाही म्हणून.

नुसत्या नारिंगी रंगावरून ‘सूर्य आहे, म्हणजे इकारस’ असं ठरवू नका. ही मायोलिका, म्हणजे पांढऱ्या लेपावर रंगवलेली इटालियन मातीची भांडी. माती एकदा भाजून शिसं-कथिलाच्या पांढऱ्या ग्लेझमध्ये (भाजल्यावर काचेसारखा होणाऱ्या लेपात) बुडवायची, वाळलेल्या भुकटीसारख्या थरावर रंगवायचं आणि पुन्हा भाजायचं. कोरडा थर रंग लगेच शोषतो, त्यामुळे चुकलेला फटकारा पुसता येत नाही. भट्टीत टिकणारे रंगही मोजकेच: कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा, मँगनीजचा जांभळा-तपकिरी, अँटिमनीचा पिवळा आणि त्यात लोह घातलं की नारिंगी. चांगला लाल साधणं फार अवघड, म्हणून रथाच्या ज्वाळाही नारिंगीच निघतात.

चित्रकार छापचित्रांवरून आकृत्या उचलत. उर्बिनो या इटालियन शहरातला थाळ्या रंगवणारा झांतो तर वेगवेगळ्या छापांतली माणसं एकाच थाळीत बसवायचा. त्यामुळे एखादी पोज ओळखीची वाटली म्हणून कथाही तीच असेल असं नाही. जमलं तर थाळी ज्यांच्याकडे आहे त्यांना तिची मागची बाजू दाखवायला सांगा; अशा बऱ्याच थाळ्यांवर तिथे निळ्या अक्षरांत विषय लिहिलेला असतो, कधी सालही. आणि पंख किंवा चाक नेमकं जोडलेल्या तुकड्यावर असेल, तर तो भाग नंतर रंगवलेला नाही ना, हे अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली तपासायला हवं. दुरुस्तीचा रंग तिथे बहुतेक वेळा वेगळा चमकतो.