नदीच माणसामुळे बदलली असेल, तर तुलना कशाशी करायची?

तुम्ही विचारलंय, नाशिकची गोदावरी मूळ स्थितीत कुठेच उरलेली नाही, मग तिचं पाणी कशाच्या तुलनेत मोजायचं? माझं मत, मूळ स्थिती शोधत बसू नका. गंगापूर धरणाच्या वरचं पाणी स्वच्छ नमुना धरावं असं वाटतं, पण त्याच्याही वर त्र्यंबकेश्वर आहे, म्हणजे तिथेही माणसाचा हात लागलेलाच.

त्यापेक्षा माणूस नदीत जे करतो त्याचे रकाने पाण्याच्या आकड्यांशेजारी मांडा. आवर्तन (धरणातून ठरावीक काळ सोडलेलं पाणी) चालू आहे का, विसर्ग किती क्युसेक (सेकंदाला घनफूट), वरचा नाला वाहतोय का, पानवेली कधी काढल्या. हे रकाने नसले, तर एकाच घाटावर दोन दिवसांचे आकडे वेगळे का आले, याचं उत्तर मिळत नाही.

सर्वात मोठी फसगत विरघळलेल्या ऑक्सिजनची होते. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तोच वापरतं. समुद्रसपाटीला 25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, नाशिकच्या उंचीवर त्याहून थोडा कमी. तेव्हा दुपारी 10 आला तर खूश होऊ नका, त्याच पाण्यात पहाटे मासे तडफडत असू शकतात. एक नमुना सूर्योदयाआधी घ्या, दुसरा दुपारी. 300 मिलीची बाटली बुडबुडा न ठेवता भरा आणि काठावरच मँगनीज सल्फेट व अल्कली-आयोडाइड-अझाइड प्रत्येकी 1 मिली घाला, पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून. तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ नाहीच. हे काम प्रयोगशाळेवर ढकललं, तर वाटेत जीवाणू ऑक्सिजन संपवत राहतात. बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू किती ऑक्सिजन वापरतात ते मोजण्याची बाटली वेगळी, बर्फात आणि अंधारात न्यायची.

आंघोळीच्या पाण्याचा निकष आहेच: लिटरमागे ऑक्सिजन किमान 5 मिलिग्रॅम, बीओडी जास्तीत जास्त 3 मिलिग्रॅम. पण त्यातून फक्त पास-नापास कळतं, कारण कळत नाही. कारणासाठी जोड्या लावा. उदाहरणार्थ नासर्डी नदी गोदावरीला मिळते त्याच्या वर एक नमुना आणि खाली एक, एकाच पहाटे.

2027 च्या सिंहस्थाचा परिणाम मोजायचा असेल तर गोदावरीवरच्या रामकुंडाबरोबर दारणा नदीवरही एक ठिकाण धरा आणि पर्वणीच्या (मुख्य स्नानाच्या दिवसाच्या) बऱ्याच आधीपासून दोन्हीकडे सारख्याच वेळी नमुने घ्या. दारणा स्वच्छ असायला हवी असं नाही, तिथे पर्वणीची गर्दी नसली की झालं. पाऊस दोन्हीकडे पडेल, उन्हाळाही दोन्हीकडे सारखाच. पर्वणीनंतर दोन्ही ठिकाणच्या आकड्यांमधलं अंतर आधीपेक्षा वाढलं असेल, तर ती वाढ स्नानाच्या खात्यात धरता येते. मात्र त्याच आठवड्यात धरणातून जादा पाणी सोडलं असेल, तर आधी विसर्गाचा रकाना बघा.