कॅप झिर्कोनियाची ठरली, आत धातू निघाला

पंचवटीच्या एका ताईंचं पत्र आहे. द्वारका चौकात दुचाकीवरून पडून त्यांचे समोरचे वरचे दोन दात गेले. गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यात दोन इम्प्लांट आणि दोन झिर्कोनियाच्या कॅप १,१०,००० रुपयांत ठरल्या. ७०,००० यूपीआयने दिले, ४०,००० रोख, पावती नाही. कॅप बसून चौदा महिने झाले. आता एक इम्प्लांट हलतंय आणि दुसऱ्या कॅपचा तुकडा उडून आत धातू दिसतोय. डॉक्टर म्हणतात, नवीन करायचं तर ३५,००० द्या, नाहीतर २०,००० परत घेऊन 'माझी काही तक्रार नाही' असं लिहून द्या. यजमानांचं म्हणणं, सरळ पोलिसांत जाऊ.

ताई, यजमानांना थोडं थांबवा. डॉक्टरवर फौजदारी गुन्हा टिकायला साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो. जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनाही सांगून ठेवलंय की आधी तटस्थ डॉक्टरचं मत घ्या. तुमचा अर्ज तिथेच अडकून पडेल. तुमची जागा जिल्हा ग्राहक आयोगात आहे. पैसे घेऊन केलेले उपचार ही 'सेवा' आहे, हे १९९५ पासून पक्कं आहे.

पण तुमच्या दोन तक्रारी एकाच दाव्याने हाकू नका.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हाड त्याला धरायला साधारण तीन ते सहा महिने घेतं, आणि काम नीट होऊनही काहींचं धरत नाही. मधुमेह, तंबाखू, हिरड्यांचा जुना आजार, अशी कारणं असतात. समोरचा वकील हीच पुढे करील. म्हणून 'इम्प्लांट हललं' एवढ्यावर काही सिद्ध होत नाही. आधी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा थ्री-डी एक्स-रे) काढून हाडाची जाडी पाहिली का, शुगर विचारली का, ते निकामी होऊ शकतं हे सांगून संमतीपत्रावर सही घेतली का, हे प्रश्न खरे. यांची उत्तरं तुमच्या केसपेपरमध्ये आहेत, म्हणून आधी केसपेपर, एक्स-रे, संमतीपत्र आणि इम्प्लांटच्या डबीवरचा कंपनी-लॉट नंबरचा स्टिकर लेखी मागा. उपचारांचे कागद मिळणं हा तुमचा हक्क आहे.

कॅपची बाजू मला जास्त भक्कम वाटते. झिर्कोनिया ही सिरॅमिक असते, आत धातूचा साचा नसतो. धातूवर सिरॅमिक चढवलेली कॅप हा निराळा आणि सहसा स्वस्त माल. झिर्कोनिया सांगून ती बसवली असेल, तर वैद्यकीय निष्काळजीपणाच्या चर्चेत शिरायचं कारणच नाही. तो सरळ सेवेतला दोष आणि अनुचित व्यापारी प्रथा. पण एक सावध शंका. कॅपच्या खाली इम्प्लांटला जोडणारा भाग असतो, तोही बहुधा धातूचा. डॉक्टर म्हणतील, 'बाईंना तोच दिसला.' त्यामुळे आधी तपासून घ्या. तुमच्या पंचवटीतच कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे. केसपेपर काढा आणि कॅप कशाची आहे ते लिहून द्या म्हणा. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, असं २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, तरी हातात असलेलं बरं. झिर्कोनिया कॅपला लॅबचं वॉरंटी कार्ड सहसा मिळतं, तेही मागा. ते दिलंच नाही तर न देणं हासुद्धा एक मुद्दा.

रोख चाळीस हजारांचं काय? व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्टरांनी 'दोन झिर्कोनिया कॅप, एकूण एक लाख दहा' असं काही पाठवलं असेल तर ते सोनं आहे. चॅट पुसू नका, मोबाईल बदलू नका. दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडावं लागतं. सेवेचं बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, हेही डॉक्टरांना पाठवायच्या नोटिशीत लिहा.

नोटीस स्पीड पोस्टने पाठवा, पंधरा दिवस द्या. आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. ती कधी सुरू झाली यावर वाद घालता येतो, पण तो वाद तुम्ही कशाला ओढवून घेता? कॅप बसल्या दिवसापासून मोजा, म्हणजे दहा महिने उरले. नोटीस पाठवल्याने किंवा डॉक्टर 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणाल्याने मुदत वाढत नाही. सेवेसाठी मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तुम्ही नाशिकच्या म्हणून दाखलही नाशिकलाच होते.

वीस हजारांच्या कागदावर सही करू नका. तडजोड करायचीच तर रक्कम नव्या उपचारांच्या कोटेशनला धरून ठरवा.

खटला चालेल तोवर तोंडात खिंड ठेवायची गरज नाही, दात करून घ्या. फक्त नव्या डॉक्टरांना आधी फोटो आणि एक्स-रे काढायला सांगा, आणि काढलेली कॅप आणि इम्प्लांट कचऱ्यात जाऊ देऊ नका. डबीत घालून, तारीख टाकून, त्यांची सही घेऊन घरी आणा.