जुने आणि सेकंडहँड कपडे उन्हाळ्यासाठी ट्रेंडी कसे करू? शिवणकाम फारसं येत नाही

तुम्ही लिहिलंय की जुने शर्ट, जीन्स, टीशर्ट पडून आहेत, दोन-तीन सेकंडहँड पण घेतलेत, व्हिडिओ बघून एक शर्ट कापला तो वाया गेला आणि आता कात्री लावायची भीती वाटते. मला वाटतं तुमचं कापणं चुकलं नसेल, त्याच्या आधीच गडबड झाली असेल. आपण डिझाइन आधी ठरवतो आणि मग हाताशी असलेल्या कपड्यातून ते ओढूनताणून काढायला बघतो, मीपण बरीच वर्षं हेच करत होते. आता उलटं करते. कपडा समोर पसरायचा आणि बघायचं की यात कुठली किचकट शिलाई आधीच करून ठेवलेली आहे. बटणपट्टी, काजं, जीन्सची कंबर, चेन, खालची गोल हेम (दुमडून शिवलेली कड), नवीन शिकणाऱ्याचं घोडं इथेच अडतं आणि इथे तर ते सगळं आयतं मिळतंय, मग ते कापून फेकायचं कशाला?

पण त्याआधी कापड बघा, कारण उन्हाळ्यासाठी शिवताय. कॉटन साध्या हवेतला ओलावा त्याच्या वजनाच्या ७-८ टक्के तरी धरून ठेवतं, लिनन त्याहून जास्त, आणि पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही, म्हणून तो कितीही सुंदर कापा, घाम तसाच अंगाला चिकटून राहणार. लेबल नसेल तर आतल्या शिलाईजवळच्या कापडाचा एक धागा ओढून चिमट्यात धरा आणि सिंकवर जाळून बघा. कॉटनला कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते. गोळी झाली तर त्या कपड्याची पिशवी करा, टॉप नको. आणि कॉटन असेल तर कापायच्या आधी एकदा गरम पाण्यात धुवून घ्याच, आटायचं ते आधीच आटू दे.

पहिला प्रोजेक्ट म्हणून मी मोठ्या मापाच्या शर्टाचा स्कर्ट सांगेन, टॉप नाही. टॉपमध्ये मुंढा (बाही जोडायची गोलाई) आला, गळा आला, खांदा आला, आणि मोठ्या शर्टाच्या बाह्या नुसत्या कापल्या की मुंढा बगलेत इतका उघडा पडतो की बिघडलाच म्हणून समजा. तुमच्या शर्टाचं बहुतेक हेच झालं असणार. स्कर्टला यातलं काहीच नाही. सगळी बटणं लावून शर्ट सपाट पसरा, दोन्ही बगलांच्या खालून पट्टीने सरळ रेघ मारा आणि कापा. घेर तुमच्या हिप्सच्या मापापेक्षा निदान १५ सेमी जास्त हवा, नाहीतर चुण्या पडत नाहीत आणि बसताना बटणं ताणतात. मग वरच्या टोकाला बटणपट्टीचे दोन्ही थर ५ सेमीपर्यंत एकमेकांवर शिवून टाका, तिथे बटण येत असेल तर काढा. आता आधी १ सेमी आणि मग ३ सेमी दुमडून नेफा, म्हणजे इलॅस्टिक ओवायची पोकळ पट्टी, शिवा, मागे थोडी जागा उघडी ठेवा, कमरेच्या मापापेक्षा साधारण ५ सेमी कमी असं अडीच सेमी रुंद इलॅस्टिक सेफ्टी पिनने ओवा, टोकं जोडा आणि ती जागा बंद करा. झालं. पुढे बटणं, खाली शर्टाची गोल हेम, बघणाऱ्याला वाटतं विकतच घेतलाय. लांबी बहुतेक ४५-५० सेमी मिळते, कमी वाटली तर बाह्यांच्या कापडाची झालर लावता येते.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. शर्टाचा खिसा उसवला की त्याखालचं कापड गडद निघतं, कारण तिथे ऊन आणि धुण्यातली घासाघीस फारशी पोचलेली नसते. म्हणून खिसा कापायच्या रेघेत येत असेल तर त्याची जागा नेफ्यात नाहीतर चुण्यांत लपते का ते कापायच्या आधी बघा.

जीन्सची शॉर्ट्स करताना एकच चूक सगळे करतात, मीही केली होती, जीन्स टेबलावर ठेवून सरळ कापली आणि घातली तर मागून वर चढलेली. घालून आरशात बघून खूण करा, त्याच्या ५ सेमी खाली कापा, आणि बाहेरून आतल्या शिलाईकडे रेघ थोडी उतरती ठेवा, मागची बाजू पुढच्यापेक्षा २ सेमी लांब. कडेचे आडवे धागे सुईने ओढून काढले की उभ्या धाग्यांची छान झालर होते, आणि ती जिथे थांबायला हवी तिथे आधीच मशीनची एक टीप मारून ठेवा नाहीतर प्रत्येक धुण्यात वर वर उसवत जाते.

टीशर्टला तर दुमडायचीही गरज नाही, त्याचं कापड स्वेटरसारखं विणलेलं असल्याने कडा उसवत नाही, नुसती गुंडाळते आणि तेच छान दिसतं. फक्त गळा हवा त्यापेक्षा लहान कापा, घातल्यावर तो ताणून मोठा होतोच.

पिवळट पडलेला पांढरा शर्ट रंगवायचा असेल तर लक्षात ठेवा, शिलाईचा दोरा बऱ्याचदा पॉलिएस्टरचा असतो आणि कॉटनचा रंग तो घेत नाही, त्यामुळे टिपा पांढऱ्याच उठून दिसतात. मला ते आवडतं, पण तुम्हाला आवडेल का ते आधी ठरवा.

मशीन नसलं तरी अडत नाही, स्कर्टचा नेफा हाताने बारीक उलट टीप (दर टाक्याला सुई थोडी मागे घेऊन) घालून होतो, एक संध्याकाळ जाते. अडलात तर शर्टाचा घेर आणि तुमचं हिप्सचं माप कमेंटमध्ये लिहा, कापायच्या आधी सांगते जमेल का.